नवऱ्याच्या कंपनीला दिलेले माझे १९ लाख : कंपनी दिवाळखोरीत गेली तर माझा हक्क काय?

शेवंती (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. आमचं नागपूरजवळ हिंगणा एमआयडीसीत फॅब्रिकेशनचं युनिट आहे. प्रायव्हेट लिमिटेड कंपनी, मिस्टर आणि दीर डायरेक्टर. मी अनुदानित शाळेत शिक्षिका आहे. कंपनीत माझं पद नाही, शेअरही नाहीत. पण बॅलन्सशीटच्या 'अनसिक्युअर्ड लोन'च्या यादीत माझ्या नावापुढे १९ लाख रुपये आहेत. अमरावतीला बाबांचा प्लॉट विकला त्यातला माझा वाटा १२ लाख, एफडी मोडून ४ लाख, आणि सोनं गहाण ठेवून आणलेले ३ लाख. सगळं चेकनं आणि आरटीजीएसनं दिलं. व्याज कधी मागितलं नाही, कोणी दिलंही नाही.

एका मोठ्या पार्टीकडे आमचे पैसे अडकले, त्यात बँकेची सीसी (खेळत्या भांडवलाचं कॅश क्रेडिट) थकली आणि खातं एनपीए, म्हणजे थकीत, झालं. आता पोलाद पुरवणाऱ्यांच्या वकिलाची दहा दिवसांची नोटीस आली आहे. रक्कम एक कोटीच्या वर. पैसे दिले नाहीत तर एनसीएलटीत, म्हणजे राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणात जाऊ, असं लिहिलंय.

घरात दोन मतं पडली आहेत. एका गिऱ्हाइकाकडून थोडे पैसे येणार आहेत. दीर म्हणतात, ते दुसऱ्या बँकेतल्या चालू खात्यात घेऊ, आधी वहिनींचे पैसे मोकळे करू, मग काय व्हायचं ते होवो. मिस्टरांना हे पटत नाही, पण माझ्या माहेरचा पैसा बुडतोय याचं त्यांना इतकं ओझं झालंय की ते ठाम नाहीही म्हणत नाहीत. ओळखीच्या एका गृहस्थांनी सांगितलं की बायकोचं कर्ज कायदा कर्ज मानतच नाही, घरचाच पैसा धरतो. हे खरं आहे का? आणि दीर म्हणतात तसं केलं तर चालतं का? जाणकारांनी कृपया लिहावं.

ताळेबंद

ताई, मी रामदासपेठेत सीए आहे. आधी थोडं विचारतो, कारण 'बायकोनं धंद्याला दिलेले पैसे' हे प्रोप्रायटरच्या बाबतीत एक असतं, भागीदारीत दुसरं आणि कंपनीत तिसरंच.

पैसे थेट कंपनीच्या खात्यात गेले का? पुष्कळ घरांत बायको नवऱ्याच्या खात्यात टाकते आणि नवरा स्वतःच्या नावानं कंपनीला देतो. मग कंपनीचा घेणेकरी नवरा, आणि बायको फक्त नवऱ्याची घेणेकरी. पैसे देताना तुमच्याकडून लेखी घोषणापत्र घेतलं होतं का? खाजगी कंपनीला डायरेक्टरच्या नातेवाइकाकडून पैसे घेता येतात, ते ठेव धरले जात नाहीत. पण देणाऱ्यानं लिहून द्यावं लागतं की हा पैसा उसना आणलेला नाही. तुमचे सोनं गहाण ठेवून आणलेले ३ लाख इथे अडचणीचे आहेत. त्यानं तुमचा कंपनीवरचा दावा पुसला जात नाही, कंपनीला मात्र कंपनी कायद्याखाली उत्तर द्यावं लागू शकतं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, बँकेच्या कुठल्या कागदावर तुमची सही आहे?

शेवंती

पैसे थेट कंपनीच्या खात्यात गेले. घोषणापत्र एकदा सही केल्याचं आठवतं. बॅलन्स कन्फर्मेशनवर दरवर्षी सही करते. बँकेच्या कागदांवर पुष्कळ सह्या केल्या, तेव्हा वाचायला वेळच दिला नव्हता. मनीषनगरचं घर दोघांच्या नावावर आहे आणि ते बँकेकडे तारण आहे.

गोरेवाडा_वारा

वहिनी, दीर बरोबर सांगून राहिले. पैसे काढून घ्या आणि भावाच्या खात्यात टाकून द्या. कोर्टाचं मग कोर्टात पाहता येते.

सिव्हिल_लाइन्स

वरचा सल्ला कोणीही अमलात आणू नये. मी वकील आहे, दिवाळखोरीची प्रकरणं पाहते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी त्या गृहस्थांचा मुद्दा. ते चूक सांगताहेत. दिवाळखोरी संहिता २०१६ मध्ये पत्नीचं कर्ज हे कर्जच आहे. तुम्ही कंपनीला पैसे दिले, कंपनीनं ते कर्ज म्हणून नोंदवले, कंपनी तुमची देणेकरी झाली. नवरा डायरेक्टर आहे म्हणून कंपनी आणि नवरा एक होत नाहीत. व्याज घेतलं नाही म्हणूनही अडत नाही. कलम ५(८) मधल्या 'वित्तीय कर्जा'च्या, म्हणजे पैसे उसने दिल्यानं झालेल्या कर्जाच्या, व्याख्येतच व्याजाचा उल्लेख 'असल्यास' असा आहे, आणि सर्वोच्च न्यायालयानं जुलै २०२१ मध्ये ऑरेटर मार्केटिंग विरुद्ध सॅमटेक्स डेझिन्झ या प्रकरणात बिनव्याजी कर्जालाही वित्तीय कर्ज मानलं. तिथेही पैसे खेळत्या भांडवलासाठीच दिले होते.

पत्नी असण्याचा परिणाम वेगळ्या ठिकाणी होतो. कलम ५(२४) प्रमाणे डायरेक्टरचा कोणताही नातेवाईक हा कंपनीचा 'संबंधित पक्ष'. तुम्ही एका डायरेक्टरच्या पत्नी आणि दुसऱ्याच्या वहिनी. एनसीएलटीनं अर्ज दाखल करून घेतला की कंपनीचा कारभार मिस्टरांच्या हातून जातो आणि घेणेकऱ्यांची समिती बनते. त्या समितीत तुम्हाला बसता येणार नाही, बोलता येणार नाही, मत देता येणार नाही. कलम २१ चं परंतुक तसं स्पष्ट सांगतं. तुमचे १९ लाख यादीत राहतील, पण मताची टक्केवारी शून्य. घरच्या माणसांची कर्जं दाखवून प्रवर्तकांनीच समिती ताब्यात घेऊ नये, म्हणून हा नियम आहे आणि तो योग्य आहे.

आता दीर म्हणतात ते. कलम ४३ खाली, एका घेणेकऱ्याला बाकीच्यांच्या पुढे नेऊन जुनी बाकी फेडली तर तो 'अग्रक्रमाचा व्यवहार' ठरतो आणि रद्द होऊ शकतो. परक्या घेणेकऱ्यासाठी प्रक्रिया सुरू होण्याआधीचं एक वर्ष तपासतात. संबंधित पक्षासाठी दोन वर्षं. म्हणजे पत्नीला पैसे परत केले तर नजर दुप्पट मागे जाते. मनात फसवण्याचा हेतू होता की नव्हता, हे या कलमात बघतच नाहीत. वाटपाच्या रांगेत जेवढं मिळालं असतं त्याहून जास्त मिळालं का, एवढंच बघतात. मग रिझोल्यूशन प्रोफेशनल, म्हणजे प्रक्रियेत कंपनीचा कारभार पाहायला नेमलेला माणूस, अर्ज करतो आणि एनसीएलटी पैसे कंपनीला परत करायला सांगते. ते भावाच्या खात्यात टाकले असतील तर त्याच्याही नावानं नोटीस जाते, आणि साधी फेड होती ते 'घेणेकऱ्यांना फसवण्यासाठी केलेला व्यवहार' दिसायला लागतं. त्याची कलमं वेगळी आहेत, डायरेक्टरवर वैयक्तिक जबाबदारी येते, शिक्षेचीही तरतूद आहे. ताई, तुमच्या १९ लाखांपायी मिस्टर आणि दीर दोघं तिथे उभे राहतील.

गोरेवाडा_वारा

मॅडम, धंद्यात रोजच कोणाचे ना कोणाचे पैसे फेडून राहतो माणूस. बँकेला चालते, पोलादवाल्याला चालते, मग बायकोलेच का नाही?

सिव्हिल_लाइन्स

नेहमीच्या व्यवहारातली फेड त्यातून वगळलेली आहे, हे खरं. पण जेपी इन्फ्राटेकच्या प्रकरणात, फेब्रुवारी २०२० मध्ये, सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की तो व्यवहार देणाऱ्याच्या आणि घेणाऱ्याच्या, दोघांच्याही नेहमीच्या कामकाजात बसायला हवा. शेवंतीताईंना वर्षानुवर्षं ठरलेल्या तारखेला व्याज किंवा हप्ता मिळत असता तर मी त्यावर नक्की युक्तिवाद केला असता. इतकी वर्षं एक पैसा नाही आणि नोटीस आल्यावर एकदम १९ लाख, हे नेहमीचं कामकाज आहे असं कोणत्या तोंडानं सांगायचं?

आणखी एक. कोणी असं सुचवेल की पैसे काढू नका, त्याऐवजी मशीनवर ताईंच्या नावानं बोजा चढवा. जुन्या बिनतारण कर्जाला आता तारण देणं हेही कलम ४३ मध्येच येतं.

ताळेबंद

दुसऱ्या बँकेतल्या खात्यात पैसे वळवायचं तर बिलकुल करू नका. सीसीच्या अटींत विक्रीचे पैसे त्याच खात्यात आणायचं लिहिलेलं असतं. खातं एनपीए असताना हे केलं की बँकेच्या फॉरेन्सिक ऑडिटमध्ये पहिल्या पानावर तेच येतं.

हिंगणा_टी_पॉइंट

मी लिहू का नको असा विचार करत होतो. माझे वडील गिरणी कामगार होते. गिरणी बंद पडली तेव्हा थकलेल्या पगारासाठी ते किती वर्षं कागद घेऊन फिरले ते मी पाहिलंय. ताईंबद्दल पूर्ण सहानुभूती आहे. पण त्या युनिटमध्ये वेल्डर असतील, हेल्पर असतील, त्यांचा पगार थकला असेल. घरच्या माणसाचे पैसे आधी मोकळे करू असं जेव्हा डायरेक्टर म्हणतात, तेव्हा ते पैसे कोणाच्या वाट्याचे असतात, हे कोणीतरी इथे लिहायला हवं होतं.

शेवंती

दादा, बरं झालं लिहिलंत. दोन महिन्यांचे पगार राहिले आहेत. मला त्या सगळ्यांची नावं माहीत आहेत, दिवाळीला घरी येतात. कायद्यात त्यांचा नंबर कुठे लागतो? आणि माझा?

सिव्हिल_लाइन्स

कंपनी सावरली नाही आणि अवसायनात गेली, म्हणजे विकून टाकायची वेळ आली, तर कलम ५३ ची रांग लागते. सर्वांत आधी प्रक्रियेचा खर्च. त्यानंतर कामगारांचे मागच्या २४ महिन्यांचे थकलेले पैसे आणि तारण असलेली बँक, हे दोघं एकाच पायरीवर, बरोबरीनं. त्याखाली कामगार नसलेल्या कर्मचाऱ्यांचा १२ महिन्यांचा पगार. मग बिनतारण वित्तीय घेणेकरी, आणि शेवंतीताई, तुम्ही इथे. तुमच्या खाली सरकारी कर, त्याखाली उरलेले सगळे, ज्यात पोलाद पुरवणारेही येतात, आणि तळाला शेअरहोल्डर. कामगारांचा पीएफ आणि ग्रॅच्युइटीचा निधी तर या रांगेतच धरत नाहीत, तो बाजूला काढून ठेवायचा असतो.

म्हणजे कागदावर तुम्ही जीएसटीच्या आणि पोलादवाल्यांच्याही पुढे आहात. पत्नी आहे म्हणून खालच्या पायरीवर ढकलणारं काही या कलमात नाही. पण प्रत्यक्षात काय होतं तेही सांगते. शेड आणि मशीन विकून आलेले पैसे बहुतेक वेळा बँकेतच संपतात आणि चौथ्या पायरीपर्यंत पोचत नाहीत. कंपनी दुसऱ्या कोणी योजना देऊन घेतली, तर त्या योजनेत प्रवर्तकांच्या नातेवाइकांच्या वाट्याला बऱ्याचदा शून्य लिहिलेलं असतं, आणि त्यावर मत द्यायला तुम्ही समितीत नसता. १९ लाख परत येतील असं गृहीत धरून घराचा हिशोब मांडू नका.

इतवारी_किराणा

माझं इतवारीत होलसेलचं दुकान आहे, कंपनी वगैरे नाही, प्रोप्रायटरशिप. मिसेसच्या नावानं पतसंस्थेतून कर्ज काढून धंद्यात टाकून राहिलो. हे एनसीएलटी-बिनसीएलटी आपल्याले लागू होते का वकीलताई?

सिव्हिल_लाइन्स

नाही भाऊ. संहितेचा व्यक्तींसाठीचा भाग डिसेंबर २०१९ पासून फक्त कंपन्यांच्या वैयक्तिक जामीनदारांपुरता लागू झाला. तुमच्यासाठी अजून प्रांतिक नादारी कायदा १९२० आहे आणि अर्ज जिल्हा न्यायालयात. किती जुना कायदा आहे ते यावरून बघा की घेणेकऱ्याला अर्ज करण्यासाठी कर्जाची किमान रक्कम ५०० रुपये आहे.

तुमच्या बाबतीत दुकान आणि तुम्ही वेगळे नाही. मिसेसनं दुकानाला दिलेले पैसे म्हणजे तुम्हाला दिलेले पैसे. त्यांना घेणेकरी म्हणून दावा सिद्ध करता येतो, पण कर्ज खरं होतं हे दाखवायला कागद लागतो, आणि नवरा-बायकोचा कागद न्यायाधीश दोनदा वाचतात. दिवाळखोरीच्या तोंडावर त्यांना बाकीच्यांच्या आधी पैसे दिले तर या कायद्यात तीन महिन्यांची खिडकी आहे. मोबदला न घेता दुकान किंवा घर त्यांच्या नावावर केलं असेल तर दोन वर्षं मागे जाऊन ते रद्द होऊ शकतं. आणि पतसंस्थेचं कर्ज त्यांच्या नावानं आहे, म्हणजे तुमचं काहीही झालं तरी पतसंस्था त्यांच्याच दारात येणार.

इतवारी_किराणा

हे शेवटचं कधी डोक्यातच आलं नव्हतं. आज घरी बोलतो.

गांधीबाग_सून

आमच्याकडे कापडाची भागीदारी फर्म आहे. लग्नानंतर वर्षभरात टॅक्ससाठी म्हणून मला दहा टक्क्यांची भागीदार केलं. त्याशिवाय मी ६ लाख कर्ज म्हणून दिले आहेत, भांडवल म्हणून नाही. माझी गत काय?

ताळेबंद

ताई, तुमची बाजू शेवंतीताईंपेक्षा नाजूक आहे. भागीदारी कायदा १९३२ चं कलम ४८ सांगतं की फर्म मिटवताना आधी बाहेरच्या सगळ्यांची देणी, मग भागीदारांनी भांडवलाव्यतिरिक्त दिलेली कर्जं, मग भांडवल. म्हणजे तुमचे ६ लाख बाहेरचे सगळे फिटल्यावर. तुम्ही भागीदार नसत्या तर तेच ६ लाख बाहेरच्यांच्या रांगेत बसले असते. वर फर्मच्या सगळ्या देण्यांना प्रत्येक भागीदार स्वतःच्या मालमत्तेनिशी जबाबदार असतो, दहा टक्के असो की नव्वद. टॅक्स वाचवायला सुनेला भागीदार करणाऱ्या माझ्या पक्षकारांना मी हे दरवर्षी सांगतो. दरवर्षी हसून टाळतात, आणि याची मला खरंच चीड येते, कारण सही तिची असते आणि तिला कोणी विचारलेलं नसतं.

लीड्सचा_महालकर

मूळचा महालातला, आता इंग्लंडमध्ये हिशेबाच्याच कामात आहे. शेवंतीताईंच्या ओळखीच्या गृहस्थांनी ऐकलेलं बहुधा इथलं असावं. इथे १८८२ च्या विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेच्या कायद्यातच लिहिलं होतं की बायकोनं नवऱ्याला व्यापारासाठी दिलेले पैसे, तो दिवाळखोर झाला तर त्याच्याच मालमत्तेत धरायचे. बाकी सगळ्या घेणेकऱ्यांचे पैसे फिटल्यावरच तिचा वाटा. आजच्या १९८६ च्या कायद्यातही कलम ३२९ आहे. दिवाळखोरी सुरू होते त्या दिवशी जो पती किंवा पत्नी असेल त्याचं कर्ज सगळ्यांच्या मागे, मग पैसे दिले तेव्हा लग्न झालेलं असो वा नसो. पण हे माणसाच्या दिवाळखोरीला लागू. नवऱ्याच्या कंपनीला दिलेल्या कर्जाला हे कलम लागत नाही.

सिव्हिल_लाइन्स

धन्यवाद, ही भर मोलाची आहे. आपल्याकडे १९२० च्या कायद्यातही पत्नीला सरसकट मागे टाकणारं कलम नाही आणि संहितेतही नाही. आपण मत काढून घेतो, मागची दोन वर्षं उकरून बघतो, पण कर्ज खरं असेल तर पायरी तीच ठेवतो. माझ्या मते हेच न्याय्य आहे. आपल्याकडे धंद्यात जाणारा बायकोचा पैसा बऱ्याचदा तिच्या माहेरचा, तिच्या पगाराचा किंवा तिच्या सोन्याचा असतो. स्त्रीधन ही तिची एकटीची मालमत्ता आहे, हे सर्वोच्च न्यायालयानं १९८५ मध्ये प्रतिभा राणी प्रकरणात सांगितलं आणि २०२४ मध्ये पुन्हा सांगितलं. नवऱ्यानं अडचणीत ते वापरलं तरी परत करण्याचं बंधन त्याच्यावर राहतं. अशा पैशाला सरसकट 'घरचाच पैसा' म्हणणं मला मान्य नाही.

हिंगणा_टी_पॉइंट

कामगार तिच्या वर असतील तोवर माझी काहीच हरकत नाही.

कोराडी_रोड

एक विचारतो, राग मानू नका. कागदोपत्री फारकत घेतली तर ताई 'संबंधित' राहणार नाहीत ना? आमच्याकडे एकानं असं केल्याचं ऐकलं.

सिव्हिल_लाइन्स

फिनिक्स एआरसी विरुद्ध स्पेड फायनान्शियल, फेब्रुवारी २०२१. समितीत शिरण्यासाठीच संबंधितपण झटकलं असेल तर तो घेणेकरी समितीबाहेरच राहील, असं सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं. आणि बँकेच्या तारणात असलेल्या घरावर फारकतीचा काडीचाही परिणाम होत नाही. एका मतासाठी संसाराचे कागद कोर्टात नेऊ नका, कृपा करून.

शेवंतीताई, आता मला तुमच्या १९ लाखांहून जास्त काळजी त्या सह्यांची वाटते. बँकेकडून सॅन्क्शन लेटर आणि तुम्ही सही केलेल्या प्रत्येक कागदाची प्रत मागवा. त्यात दोन गोष्टी शोधा. एक, तुम्ही वैयक्तिक जामीनदार आहात का. दोन, कुटुंबीयांची बिनतारण कर्जं बँकेची मर्यादा चालू असेपर्यंत काढणार नाही, असं पत्र आहे का.

शेवंती

प्रती मिळाल्या. दोन्ही आहेत. जामीनदार म्हणून तिघांची नावं आहेत, मिस्टर, दीर आणि मी. आणि १९ लाख काढणार नाही असं कंपनीच्या लेटरहेडवरचं पत्र, त्याखाली माझी सही. मला हे पत्र आठवतही नाही. आता माझं कर्ज संपलं का?

ताळेबंद

संपलं नाही. बँका कुटुंबाची अशी कर्जं प्रवर्तकांच्या भांडवलासारखी धरतात, त्याच्या जोरावर मर्यादा देतात, आणि म्हणून हे पत्र घेतात. जवळपास प्रत्येक फायलीत असतं. तुमची बाकी पुस्तकात तशीच आहे. फक्त ती आता काढली असती तर बँकेशी केलेला करारही मोडला असता.

सिव्हिल_लाइन्स

बँक तशीही कलम ५३ मध्ये तुमच्या वरच आहे, त्यामुळे त्या पत्रानं रांगेत फारसं काही बदलत नाही. जामिनकीनं मात्र बदलतं. कंपनीवर प्रक्रिया सुरू झाली की तिच्याविरुद्धच्या वसुलीला स्थगिती मिळते. ती स्थगिती जामीनदाराला मिळत नाही. स्टेट बँक विरुद्ध व्ही. रामकृष्णन, ऑगस्ट २०१८, आणि कायद्यातही आता तसं स्पष्ट लिहिलंय. म्हणजे मुंबईच्या एनसीएलटीत कंपनीचं प्रकरण चालू असताना बँक इथे मनीषनगरच्या घरासाठी सरफेसी कायद्याची (कोर्टात न जाता तारण जप्त करण्याचा कायदा) ६० दिवसांची नोटीस देऊ शकते. त्यानंतर बँकेनं घराचा ताबा घ्यायला पाऊल उचललं तर दाद मागायची जागा नागपूरचं कर्जवसुली न्यायाधिकरण. अशी नोटीस आली तर ६० दिवसांच्या आत लेखी हरकत पाठवा, बँकेला तिचं १५ दिवसांत उत्तर द्यावं लागतं. जामीनदाराविरुद्ध वैयक्तिक दिवाळखोरीचा अर्जही बँक करू शकते.

हे घाबरवायला लिहीत नाही. एकरकमी तडजोडीची बोलणी करायची असतील तर ती आत्ता करा, आणि त्या बोलण्यात तिन्ही जामीनदारांची सुटका लेखी मागा. फक्त 'कंपनीचं खातं बंद' एवढ्यावर सही करू नका.

पोलादवाल्यांच्या नोटिशीला दहा दिवसांत उत्तर जायलाच हवं. मालाच्या दर्जावरून, वजनावरून, रकमेवरून नोटिशीच्या आधीपासून काही खरा वाद असेल तर त्याचे ईमेल जोडा. आधीपासूनचा खरा वाद दिसला तर एनसीएलटी असा अर्ज दाखल करून घेत नाही. वाद नसेल तर उगाच उभा करू नका, टिकत नाही.

शेवंती

एका लॉटच्या वजनावरून वाद झाला होता. मिस्टरांनी तेव्हाच ईमेल केले होते, ते सापडले. पूर्ण रकमेवर वाद नाही. दीरांना मी हा सगळा धागा वाचायला दिला. ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले की गिऱ्हाइकाचे पैसे सीसी खात्यातच येऊ द्या आणि पगारासाठी बँकेला पत्र लिहू. समजा सगळं करूनही कंपनी एनसीएलटीत गेली, तर माझ्या बाजूनं मी काय करायचं?

सिव्हिल_लाइन्स

ज्या रकमेवर वाद नाही तिच्यासाठी हप्त्यांचा प्रस्ताव लगेच द्या. एनसीएलटीनं अर्ज दाखल करून घेण्याआधी तडजोड झाली तर प्रकरण तिथेच मिटतं. दाखल करून घेऊन समिती बनल्यावर मागे घ्यायचं असेल तर घेणेकऱ्यांच्या समितीची ९० टक्के मतं लागतात, आणि तुमच्या समितीत ती बँकेच्या हातात असतील.

प्रक्रिया सुरू झालीच तर वर्तमानपत्रात जाहीर नोटीस येईल. तीत दिलेल्या तारखेच्या आत वित्तीय घेणेकऱ्याचा फॉर्म सी भरा. संबंधित पक्ष आहात हे स्वतःहून लिहा, लपवू नका. मत नाही म्हणून दावाच भरायचा नाही, असं पुष्कळ बायका करतात, आणि मग वाटपाच्या यादीत नावच येत नाही. कंपनीची उद्यम नोंदणी असेल तर प्रमाणपत्र शोधून ठेवा. लघुउद्योगाच्या प्रवर्तकांना स्वतःच्याच कंपनीसाठी योजना द्यायची वाट कलम २४०अ मुळे बरीच मोकळी आहे. मिस्टर आणि दीर ती देऊ शकले तर ताईंच्या पैशांचं काय करायचं, ते त्या योजनेत लिहिता येईल.

ताळेबंद

दाव्यासोबत तुमच्या पासबुकाची पानं, कंपनीचा लेजर, कन्फर्मेशन आणि सह्या झालेल्या बॅलन्सशीट जोडा. मुदतीचा प्रश्न निघेल. मागणीवर फेडायच्या कर्जाची तीन वर्षं पैसे दिल्या दिवसापासून मोजतात, आणि तुमचे १२ लाख त्याहून जुने दिसतात. पण मुदत संपण्याआधी सही झालेली कबुली असेल तर तिथून मुदत नव्यानं मोजायची, आणि सही झालेल्या बॅलन्सशीटमधली नोंद अशी कबुली ठरू शकते. सर्वोच्च न्यायालयाचा एप्रिल २०२१ चा बिशल जयस्वाल निकाल तोच आहे. त्यामुळे या ३१ मार्चच्या बॅलन्सशीटवर सह्या राहिल्या असतील तर आधी त्या पूर्ण करून घ्या, तुमचं नाव आणि रक्कम जशी आहे तशी ठेवून. ऑडिटरनं काही शेरा मारला असेल तर तोही असू द्या.

शेवंती

सह्या राहिल्याच आहेत. सोमवारी ऑडिटरकडे जातो.